गाळ किती काढला ते नंतर. आधी पाणी कोणत्या महिन्यात किती खोल ते लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोदावरीचा पूर ओसरला की नाशिक जिल्ह्यातल्या सायखेडा-चांदोरी भागातून नांदूर मधमेश्वरच्या जलाशयातला गाळ उपसण्याची मागणी पुढे येते. थंडीत बदके उतरली की गाळाला हात लावू नका म्हणणारे पुढे येतात. दोघांचेही म्हणणे खोटे नाही. पण एक जण घनमीटर मोजतो, दुसरा हेक्टर. आराखडा करणारा सल्लागार दोघांना खूश ठेवायला दोन्ही आकडे घालतो आणि वर घाट, पायवाट व मनोरे जोडून देतो. एवढ्या कागदांत एक कागद हमखास नसतो: बंधाऱ्यामागचे पाणी वर्षाच्या कोणत्या आठवड्यात किती उंचीला असेल, याचा आलेख. मोठ्या नदीवर पक्ष्यांचे-माशांचे घर पुन्हा उभे करायचे असेल तर पहिले रेखाचित्र हेच लागते. बेटांची उंची, डोहांची खोली, काठाचा उतार हे सगळे त्यावरून निघते. उलट क्रमाने काम केले की बेट पाण्याखाली जाते किंवा कोरड्या टेकाडासारखे उभे राहते, आणि त्यावर बेशरमाची झुडपे माजतात.

नांदूर मधमेश्वर हे नैसर्गिक सरोवर नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या पाण्यावर शतकाहून अधिक काळापूर्वी बांधलेल्या बंधाऱ्यामागचा तो फुगवटा आहे. शंभर वर्षे गाळ साचला, उथळ पाणी झाले, चिखलाचे पट्टे आणि बेटे तयार झाली, त्यावर लव्हाळा आणि पाणकणीस आले आणि मागोमाग पक्षी. १९८६ मध्ये अभयारण्य झाले, २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. म्हणजे पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जी खराबी, तीच पाणथळीची भांडवली मिळकत. मात्र ही मिळकत स्थिर नसते. गाळ आणखी चढला की उथळ पाण्याचे पाणकणसाचे रान होते आणि पाणकणसाच्या रानाचे शेत.

असाच रोग, वेगळ्या हवामानात, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या वरच्या भागाला झाला. नऊ फूट खोलीचा जलमार्ग हवा म्हणून १९३०च्या दशकात तिथे बंधाऱ्यांची माळ बांधली गेली. पहिली काही वर्षे बंधाऱ्यांमागे उत्तम पाणथळी तयार झाल्या, कारण बुडालेल्या पूरमैदानातले उंचवटे बेटे म्हणून वर राहिले होते. मग लाटांनी ती बेटे कुरतडली. बेटे गेल्यावर वाऱ्याला मोकळे मैदान मिळाले, लाटा वाढल्या, तळाचा गाळ ढवळला जाऊन पाणी गढूळ झाले, उजेड तळाला पोचेना, पाण्याखालची वनस्पती मेली. तिची मुळे गाळ धरून ठेवत असत, ती गेल्यावर पाणी आणखी गढूळ. व्हॅलिस्नेरिया नावाची फितीसारख्या पानांची पाणवनस्पती, जिचे कंद खाऊन उत्तरेकडची बदके आणि राजहंस स्थलांतराचा प्रवास पुरा करतात, तीही मोठ्या पट्ट्यांतून नाहीशी झाली. १९८६ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून या नदीवर अधिवास-दुरुस्तीचा कार्यक्रम सुरू केला. तो आजही चालू आहे, पाच राज्यांत मिळून अनेक प्रकल्प पुरे झाले आहेत. लष्करी अभियंता दल बांधकाम करते, वन्यजीव खाते आणि राज्ये जागा व देखभाल पाहतात. तिथल्या चुकांची नोंद नीट ठेवलेली असल्याने त्या आपल्याला फुकट शिकता येतात.

पहिला धडा वाऱ्याचा. उघड्या पाण्यावर वारा जितक्या लांबीवर सलग वाहतो, तितकी लाट मोठी. पाणी १ मीटर खोल आहे, वारा ताशी ३६ किलोमीटर आहे आणि समोर २ किलोमीटर मोकळे पाणी आहे असे धरा. नेहमीच्या सूत्रांनी लाट सुमारे २२ सेंटिमीटर उंचीची येते. दिसायला काहीच नाही. पण तिच्यामुळे तळाशी पाणी सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने मागे-पुढे हलते. मऊ गाळ उचलला जायला साधारण १० पुरेसे असतात. मिसिसिपीवरही आराखड्यांत हीच मर्यादा वापरतात. आता मधे बेटांची रांग घालून मोकळी लांबी ५०० मीटरवर आणा. लाट २२वरून १६ सेंटिमीटरवर येते, म्हणजे जेमतेम पाव कमी. तळाचा वेग मात्र २०वरून ९वर येतो, निम्म्याहून कमी. लाट छोटी झाली की तिची लयही जलद होते आणि जलद लाट खोलवर पोचत नाही. म्हणून बेटाचे पहिले काम पक्ष्याला बसायला जागा देणे हे नाही. मागचे पाणी निवळ करणे हे आहे. पक्षी नंतर येतात, गवत आल्यावर.

हे न समजल्याचे उदाहरण मिसिसिपीवरच आहे. वीव्हर बॉटम्स नावाच्या पसरट पाणथळीत १९८०च्या दशकात बाजूचे फाटे बंद केले, म्हणजे नदीचा गाळ आत येणार नाही, आणि दोन बेटे बांधली. आत येणारा प्रवाह कमी झाला. पण एवढ्या मोठ्या पाण्यात दोन बेटांनी वाऱ्याची वाट तुटत नाही. आतला जुना गाळ लाटांनी ढवळला जातच राहिला आणि वनस्पती अपेक्षेप्रमाणे परतली नाही. पुढे विस्कॉन्सिनमधल्या जेनोआजवळच्या आठ क्रमांकाच्या बंधाऱ्यामागे बेटांची मालिकाच टप्प्याटप्प्याने उभारली गेली. जुन्या नकाशांवर जिथे बेटे होती, शक्यतो तिथेच. हे आपल्याकडे सहज करता येईल. जुने सर्वेक्षण नकाशे आणि उपग्रहचित्रे यांवरून कोणते बेट कधी झिजले ते कळते. नदीने जी जागा स्वतः निवडली होती, ती बहुधा बरी असते.

तिथले बेट कसे बांधतात ते थोडे तपशिलाने सांगायला हवे, कारण नक्कल इथेच फसेल. पायाला नदीपात्रातली वाळू, ती ड्रेजरने, म्हणजे तळ उपसणाऱ्या यंत्राने, पाण्यातूनच आणून टाकतात. तिच्या माथ्यावर ६ ते १२ इंच बारीक गाळ, म्हणजे झाड-गवत रुजावे. हा गाळ शेजारच्या उथळ खाडीतून उपसतात आणि त्या खड्ड्यात माशांना हिवाळी आसरा तयार होतो. एकाच उपशात दोन कामे. बेटाच्या कडेला वाळूची रुंद, बुटकी पायरी ठेवतात. ती लाटांनी थोडी झिजावी, हे गृहीतच असते. तिच्यावर विलो या झाडाच्या काटक्या रोवतात आणि ठरावीक अंतरावर दगडाची आखूड जिभाळी पाण्यात घुसवतात. दोन जिभाळ्यांमधले अंतर एका जिभाळीच्या लांबीच्या चार ते सहा पट. अख्खा काठ दगडाने मढवत नाहीत. मढवलेल्या काठावरून कासवाला चढता येत नाही आणि बदकाच्या पिल्लाला उतरता येत नाही.

आता आपल्याकडे. नांदूर मधमेश्वरचा गाळ म्हणजे वाळू नव्हे, काळ्या मातीची चिकण. ओला असताना तो वाहतो, सुकला की भेगाळतो आणि बराच आटतो. वाळूच्या बेटाचे उतार त्याला लावले तर पहिल्याच पावसाळ्यात कड घसरून बेट पसरट होते. १:५पेक्षा, म्हणजे एक मीटर उंचीला पाच मीटर आडवे यापेक्षा, उभा उतार ठेवूच नये. पाण्याच्या बाजूला १:१० हवा. हा उतार पक्ष्यालाही लागतोच: शेकाट्या, टिलवा, पाणटिवळा यांना चालत खाण्यासाठी हळूहळू खोल होत जाणारा चिखल पाहिजे, कडा नको.

या उताराने अंदाजपत्रक कसे बदलते ते पाहा. ६० बाय १५ मीटर माथ्याचे, तळापासून १.२ मीटर उंचीचे बेट. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची केली तर १,०८० घनमीटर येतात आणि बहुतेक कच्च्या अंदाजात तेवढेच धरतात. चारही बाजूंना १:१० उतार दिला की पाया ८४ बाय ३९ मीटर होतो आणि भराव सुमारे २,४०० घनमीटर, दुपटीहून जास्त. गाळ सुकून पाचवा हिस्सा आटेल असे धरले तर ३,००० घनमीटर खोदावे लागतील. तेवढा गाळ ७५ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी २ मीटर खोल डोहातून निघतो. म्हणजे एका बेटामागे एक डोह, शेजारीशेजारी. हिशेब जुळतो आणि वाहतूक वाचते. लांब हाताचे पोकलेन १५ मीटरच्या आसपास पोचते. त्यापलीकडे गाळ न्यायचा तर डंपर लागतात, डंपर रुततात, म्हणून मुरमाचा रस्ता टाकतात, आणि काम संपल्यावर तो रस्ता कोणी काढत नाही. दोन पावसाळ्यांत त्याचा बांध होतो, मागचे पाणी कोंडते आणि त्या बांधावरून भटकी कुत्री बेटावर जातात. निविदेत ‘तात्पुरता रस्ता काढून मुरूम काठाबाहेर नेणे’ ही स्वतंत्र बाब घालून तिचे पैसे काम झाल्यावरच द्यावेत.

लाटेच्या बाजूची कड पहिली दोन-तीन वर्षे धरून ठेवायला दगड आणायची गरज नाही. कुडाची भिंत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजेल. सव्वा मीटरचे बांबूचे खुंट अर्ध्या मीटरवर ठोकायचे, निम्म्याहून जास्त चिखलात, आणि मधे निर्गुडीच्या काठ्या विणायच्या. आत लव्हाळ्याची बेणी. वीण कुजेपर्यंत मुळे धरतात. बांबूऐवजी जाळीत भरलेला दगड टाकला तर त्याखाली गाळणीचा थर लागतो. थर नसेल तर दगडाच्या फटींतून चिकण निसटते, जाळी खचते आणि गाळात रुतते. हे काठावरच्या गॅबियनच्या, म्हणजे अशाच जाळीतल्या दगडांच्या, भिंतींनाही लागू आहे. भिंत पडते ती पुराच्या धक्क्याने कमी, पायथा धुपल्याने आणि पूर झरझर उतरताना आत राहिलेल्या पाण्याच्या दाबाने जास्त.

बेटे दोन प्रकारची हवीत आणि त्यांची उंची पाणीपातळीच्या आलेखावरूनच ठरते. खाण्याची बेटे बुटकी, माथा डिसेंबरच्या पातळीच्या आगेमागे दहा-वीस सेंटिमीटर. वीणीची बेटे वेगळी. नदी सुरय उन्हाळ्यात उघड्या वाळूवर, रेतीवर अंडी घालतो. त्याला झाड नको, गवतही फारसे नको. माथ्यावर १५ सेंटिमीटर जाड वाळू-खडीचा थर, आणि उंची मार्च ते मे या काळातल्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षा ६० ते ८० सेंटिमीटर जास्त. काठापासून किमान ४०-५० मीटर लांब आणि मधे मीटरभर खोल पाणी, नाहीतर कोल्हा-कुत्रे चालत जातात. या बेटाचा शत्रू मात्र बहुधा आपले आवर्तनच, म्हणजे पाळीने सोडलेले सिंचनाचे पाणीच, असते. वरच्या धरणातून उन्हाळी पाणी सुटले, फुगवट्यात पातळी एका रात्रीत अर्धा मीटर चढली, की घरटी गेली. पाणी सोडणे थांबवा असे कोणी म्हणणार नाही आणि म्हणूही नये. शेताला आणि पिण्याला पाणी लागते. पण येणाऱ्या पाण्याइतके पाणी कालव्यात आणि दरवाज्यांतून पुढे गेले तर पातळी चढत नाही. हे गणित सोपे आहे, फक्त दरवाजा चालवणाऱ्याला मार्च ते मे या महिन्यांची वरची मर्यादा लिहून दिलेली हवी.

हिवाळ्याचा प्रश्न याच्या उलटा आहे, तिथे पातळी हळूहळू उतरायला हवी. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना ० ते १० सेंटिमीटर पाणी लागते, तलवार बदकासारख्या डोके बुडवून खाणाऱ्यांना १० ते ३०. पातळी एकाच जागी महिनाभर ठेवली तर काठाचा एकच पट्टा पुन्हा पुन्हा चाळला जातो आणि चार दिवसांत रिकामा होतो. रोज २ सेंटिमीटर उतरवली तर १:१०० उताराच्या सपाट चिखलात रोज २ मीटरचा नवा पट्टा उघडा पडतो. एक किलोमीटर काठाला तो हेक्टरचा पाचवा हिस्सा झाला. दर दिवशी ताजे ताट. पण एकदम अर्धा मीटर उतरवली तर पन्नास मीटर चिखल एका दिवसात उघडा पडतो, उन्हात तडकतो, आतले किडे खोल जातात, आणि खड्ड्यांत अडकलेले मासे बगळे दोन दिवसांत संपवतात. पक्ष्यांचा तो गर्दीचा फोटो छान येतो, पण तो दुष्काळाचा फोटो असतो.

मिसिसिपीवर पातळी उतरवण्याचा प्रयोग आठ क्रमांकाच्या बंधाऱ्यावर २००१ आणि २००२च्या उन्हाळ्यात झाला. उतार फक्त दीड फुटाचा. सुमारे २,००० एकर तळ उघडा पडला. त्यात दबून राहिलेले बी रुजले आणि पाण्यातून वर येणारी वनस्पती पसरली, पाणी परत चढवल्यावरही टिकली. एक रोप लावले नाही. पण त्यासाठी आधी बार्जच्या, म्हणजे मालवाहू नौकांच्या, मार्गावरचा गाळ जास्त उपसून ठेवावा लागला, म्हणजे पाणी उतरले तरी नऊ फूट खोली राहील. नदीचा प्रवाह फार कमी झाला तर उतार थांबवण्याची अटही होती. तिथे अडचण जहाजांची, आपल्याकडे कालव्याच्या तोंडाची. पाणी कालव्याच्या उंबऱ्याखाली गेले तर कोपरगाव-राहात्याचे आवर्तन अडते. म्हणून आपला उतार दोन आवर्तनांच्या मधल्या काळातच बसवायचा आणि आवर्तन सुरू होण्याआधी पातळी परत आणायची. त्यासाठी कालव्याचे वेळापत्रक आणि पक्ष्यांचे वेळापत्रक एकाच कागदावर आखावे लागते. आज ती दोन वेगळ्या खात्यांच्या फायलींत असतात.

आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. मिसिसिपीच्या उघड्या तळातून स्थानिक वनस्पती आली. आपल्याकडे उन्हाळ्यात तळ उघडा ठेवला तर बेशरम आणि पाणकणीस येईल. म्हणून मोठा उतार नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि उन्हाळ्यात स्थिर पातळी. इथे अमेरिकेची तारीख उचलली तर घात होईल.

डोहांबद्दलही तेच. तिथल्या माशांचा कठीण काळ हिवाळा. बर्फाखाली, संथ खाडीत, एक अंशाहून गरम आणि पुरेसा ऑक्सिजन असलेले पाणी त्यांना हवे असते. मिनेसोटात फिंगर लेक्स या ठिकाणी बंधाऱ्याच्या बांधातून दरवाज्याचे नळ घालून खाड्यांना थोडे ताजे पाणी दिले. ते नळ किती उघडायचे यातच सगळे कसब होते. कमी उघडले तर ऑक्सिजन संपतो. जास्त उघडले तर पाणी थंड होते, धार लागते आणि मासे निघून जातात. आपला कठीण महिना मे. ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच साधारण साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर. शून्य अंशाच्या पाण्यात त्याच्या दुप्पट मावतो. त्यात वरच्या शहरांचे सांडपाणी आणि वर जलपर्णीची चादर. दुपारी तीनला नमुना घेतला तर हिरव्या शेवाळामुळे आकडा सुरेख दिसतो. पहाटे पाचला तोच आकडा दोनच्या खाली असू शकतो आणि मासे मरतात ते पहाटेच. ज्या अहवालात नमुन्याची वेळ लिहिलेली नाही तो बाजूला ठेवावा. दर पंधरा मिनिटांनी नोंद करणारे यंत्र मे महिन्यात पंधरा दिवस डोहात टांगणे हे कुठल्याही घाटाच्या एका पायरीपेक्षा स्वस्त आहे.

डोह कुठे खणायचा? सर्वांत सोयीच्या जागी नाही. संथ पाण्यात खणलेला खड्डा दोन-चार पुरांत भरून येतो. वळणाच्या बाहेरच्या काठाला किंवा दोन प्रवाह मिळतात तिथे पूर स्वतःच तळ घासतो, तिथला डोह टिकतो. खोली सर्वांत कमी पातळीपासून ३ मीटर, एक बाजू उभी, दुसरी सपाट. मरळ, वाम, शिंगाळा यांना आडोसा म्हणून मुळासकट ओंडके तळाशी अडकवून ठेवता येतात, पण साखळदंडाने खडकाला किंवा खोल खुंटाला बांधून. सुटला तर पुरात तोच ओंडका बंधाऱ्याच्या दरवाज्यात जाऊन बसेल.

सायखेडा-चांदोरीच्या लोकांची भीती इथे येते, आणि ती भीती योग्यच आहे. पुराचे पाणी घरात येणाऱ्या माणसाला बेट बांधायचे आहे असे सांगितले तर तो काय म्हणेल ते उघड आहे. त्याला गणित दाखवायला हवे. पात्र ४०० मीटर रुंद आणि पुरात ५ मीटर खोल धरले तर वाहायला २,००० चौरस मीटरचा छेद मिळतो. वर हिशेब केलेले बेट प्रवाहाला समांतर ठेवले तर त्यातले उतारांसह तीसेक चौरस मीटर अडवते, म्हणजे दीड टक्का. माती त्याच छेदातल्या डोहातून काढली असेल तर तोटा जवळजवळ शून्य. धोका आकाराचा नाही, वर उगवणाऱ्या रानाचा. स्वच्छ चिखलाच्या पट्ट्यापेक्षा बेशरम-बाभळीचे दाट रान पाण्याला दुपटीने खरखरीत असते आणि त्या पट्ट्यातून वाहणारे पाणी निम्म्यावर येते. त्यामुळे दर मे महिन्यात बेशरम मुळासकट काढणे हे पक्ष्यांसाठी जितके, तितकेच पूरग्रस्तांसाठी. नुसती कापून टाकली तर कांडी कांडी रुजते, म्हणून ती काठाबाहेर नेऊन वाळवावी लागते. मिसिसिपीवर तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी प्रकल्पाने वाढत नाही, हे संगणकी प्रतिमानावर सिद्ध केल्याशिवाय परवानगी मिळत नाही. ती अट आपल्याकडेही असावी आणि तो अहवाल गावांत मराठीत वाचून दाखवावा.

त्याच बरोबर गाळ उपशाचेही खरे सांगायला हवे. फुगवट्यात सुटा खड्डा खणल्याने पूर उतरत नाही. पूर येतो तेव्हा तो खड्डा आधीच पाण्याने भरलेला असतो. पातळी ठरते ती बंधाऱ्याच्या माथ्यावरून, दरवाजे कधी आणि किती उघडले यावरून, आणि पात्रातल्या अडथळ्यांवरून. गाळ काढून साठा वाढतो, तो कालव्याला उपयोगी आहे. पुरासाठी उपयोग हवा असेल तर सलग वाहती वाट मोकळी करावी लागेल आणि तिची जागा प्रतिमानावरून ठरेल, ठेकेदाराच्या सोयीवरून नव्हे. आणि वरून शहराचे पाणी येत असताना हा गाळ शेतात टाकण्याआधी जड धातूंसाठी तपासला पाहिजे.

मोजमापाचा शेवटचा मुद्दा, कारण सरकारी यंत्रणा मोजतात तेच बांधतात. अमेरिकेतल्याच मिसूरी नदीवर पॅलिड स्टर्जन या दुर्मीळ माशासाठी दर मैलाला २० ते ३० एकर ‘उथळ, संथ पाणी’ तयार करण्याचे लक्ष्य ठेवले गेले. ५ फुटांपेक्षा कमी खोल, सेकंदाला २ फुटांपेक्षा कमी वेग. एकर मोजायला सोपे, म्हणून वर्षानुवर्षे फाटे खोदले गेले. पुढे तपासले तेव्हा त्या एकरांनी पिल्ले वाचतात याचा पुरावाच हाती लागेना आणि दिशा बदलावी लागली: आता प्रवाहात वाहत येणारे पिल्लू अडेल, थांबेल आणि खाईल अशा जागा कुठे आहेत, यावर भर आहे. आपल्या आराखड्यात ‘५० हेक्टर पाणथळ विकसित’ असे लिहिलेले दिसले तर हेच विचारावे: कोणाच्या कोणत्या अवस्थेसाठी, कोणत्या महिन्यात?

म्हणून काम सुरू करण्याआधी किमान दोन वर्षांची मोजणी हवी: रोजची पातळी, तळाचे सर्वेक्षण, पहाटेचा ऑक्सिजन, पक्ष्यांची आणि माशांची ठरलेल्या जागी ठरलेल्या पद्धतीने मोजणी. शेजारी हात न लावलेला तसाच एक पट्टा तुलनेसाठी. नाहीतर पाऊस चांगला झाला म्हणून आलेल्या पक्ष्यांचे श्रेय प्रकल्प घेतो आणि दुष्काळाचा दोषही त्यालाच लागतो. पहिल्या वर्षी चार बेटे आणि चार डोह, एवढेच. पावसाळा गेल्यावर पुन्हा मोजायचे, कोणती कड किती सरकली ते पाहायचे आणि मग पुढची. देखभाल कोण करणार, कोणत्या लेखाशीर्षातून, हे बांधकामाच्या आदेशाआधी सहीनिशी ठरलेले असावे. मिसिसिपीवर तसेच करतात.

आपल्याला एक विनंती. जिल्ह्यातल्या धरणांचा टक्केवारीतला साठा वृत्तपत्रांत नेमाने छापला जातो. त्याच चौकटीत नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याची सकाळी आठची पातळी सेंटिमीटरमध्ये आणि कालच्यापेक्षा किती चढली-उतरली हे छापावे. एका ओळीची जागा लागेल. मार्चमध्ये ती एका रात्रीत पन्नास सेंटिमीटर चढलेली दिसली, तर त्या दिवशी कोणत्या बेटावर जाऊन काय पाहायचे ते पक्षिमित्रांना कळेल. आणि ऑगस्टमध्ये तीच ओळ सायखेड्याचे लोक आपल्याआधी वाचतील.

आपले,
नदी-अभियांत्रिकी आणि पाणथळ-अभ्यासातील काही वाचक,
नाशिक